शंभराला नऊ

१४ मार्च

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प असतो. दुकानातलं शिवणयंत्र अजून चालतं, पण गिऱ्हाइकं आता झिप बदलायला तेवढी येतात. तुझा पत्ता आत्या मला देत नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय. वाचणार नाही म्हणाली. म्हणजे वाचणार.

घरात थोडी अडचण झाली आहे. तुझ्या खोलीचं दार पूर्ण उघडत नाही. आत खोकी आहेत. प्रवासी बॅगा, धावायचे बूट, दोन माणसांचा एक तंबू.

तू वस्तूंबद्दल जे लिहितेस, ते सगळं मी वाचतो. दुकान बंद केलं की इंटरनेटवरचं तुझं पान उघडतो. तिथल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की तुला कमिशन मिळतं, हेही तिथेच कळलं. तू घर सोडलंस त्या दिवशी मी म्हणालो होतो, "दुसऱ्याच्या मालाची दलाली, त्याला काम म्हणत नाहीत." तुझं लिहिलेलं वाचताना ते दर वेळी आठवतं.

तुझ्या लिंकवरून पहिल्यांदा मी फ्रिज घेतला. जुना चालत होता. वाटलं, मोठी वस्तू, तुला मोठं कमिशन. मग तुझा तो लेख सापडला, कमिशन कमीजास्त का असतं त्यावरचा. फ्रिजमध्ये विकणाऱ्यालाच फारसं सुटत नाही, म्हणून शंभराला एक. पुस्तकांवर पाच. बॅगा-बुटांवर नऊ, कारण त्यात सुटतंही बरंच आणि लोकांना पटवावंही लागतं. फार स्वच्छ लिहिलंयस. कापडात किती सुटतं आणि शिलाईत किती, हे मला जन्मभर माहीत आहे, पण असं कुणाला समजावता आलं नसतं. तेव्हापासून मी बॅगांवर आलो. माल परत केला की कमिशनही परत जातं, हेही तूच लिहिलंस, म्हणून बूट एक नंबर लहान आले तरी ठेवून घेतले.

परवा आत्या आली. तुझ्या खोलीचं दार ढकलून आत डोकावली.

"दादा, कुठल्या मोहिमेवर निघालायस?"

मी सांगितलं. ती खोक्यावरच बसली.

"अरे, तिच्या लिंकवरून घरच्यांनी घेतलेलं चालत नाही. माल विकणाऱ्या कंपनीनं तिचं कमिशनचं खातं बंद केलंय. आधीचं कमिशनही अडवलं. मलाच विचारत होती, आत्या, तू घेतलंस का काही? नाही म्हटलं तर विश्वास बसेना. महिना झाला, धड बोलत नाही माझ्याशी."

"तिला मी आठवलो नाही?"

"तू? तुझं नाव तिच्या डोक्यात येईलच कसं?"

तर ठकू, आत्यानं काही घेतलेलं नाही. सगळं मी घेतलं. तिच्याशी नीट बोल.

फोन करण्यापेक्षा बॅग घेणं सोपं होतं. बॅग विचारत नाही, आता कशाला आठवण झाली म्हणून.

मी आत्याला म्हटलं, "पण कंपनीला कळलं कसं? आडनावं काय, हजार जणांची सारखी असतात."

"पत्त्यावरून. माल जिथे येत होता, तोच पत्ता तिच्या खात्यावर होता."

तू पत्ता बदलला नव्हतास. घर सोडून दोन वर्षं झाली.

 तुझ्या लिहिण्यात मी आपलं घर शोधायचो. एखाद्या ओळीत, एखाद्या उदाहरणात. कुठेच नव्हतं. ते या एका जागी होतं आणि तिथेच मी घोळ घातला.

कंपनीला मी लिहून द्यायला तयार आहे, की मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. आत्या म्हणते उपयोग नाही, तू लिहून थकलीस. भाडं जमेना म्हणून खोली सोडते आहेस, हेही तिच्या तोंडून निसटलं.

हे पत्र अर्धं ठेवून मी खोकी दुकानात हलवली आहेत. तुझ्या खोलीचं दार आता भिंतीला टेकतं. ये असं म्हणत नाही. एक बॅग आत्याबरोबर पाठवतोय. तू लिहिलं होतंस तशीच आहे, चाकं आवाज करत नाहीत. सामान भरायला होईल. ती घेऊन कुठे जायचं ते तू ठरव.

नवं खातं काढशील तेव्हा त्यावर दुसरा पत्ता घाल. लिहीत राहा. मी काही घेणार नाही.

तुझा नुसता वाचक,
बाबा