दुखणं उतरलं की

सोमवार, ३
आज दवाखान्यात दाखल झाले, अगदी थाटात. लेकाने बॅग धरली, सुनेने माझी उशी आणि नातीने, म्हणजे ठकीने, ही वही. रोज दुखणं किती, मन कसं, ते लिहा म्हणाले डॉक्टर. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी सांगते आणि ठकी लिहिते. ठके, मी बोलते तस्संच उतरव, तुझी कॉलेजातली अक्कल मध्ये घालू नकोस.

खोली छान आहे. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, दिवसभर टकटक. तीन वर्षांपूर्वी माझ्या बरगडीवर नागीण उठली. ती गेली, आग ठेवून गेली. कपडा लागला तरी चटका बसतो. मागची दोन वर्षं तर मनही अंथरुणातून उठत नाही. गोळ्यांनी हात टेकले. म्हणून आता भुलीचं औषध. ऑपरेशनला देतात तेच, पण थोडं, थेंबाथेंबाने. रोज एक सलाईन, अशा सहा. सिस्टरने विचारलं, दहापैकी किती दुखतं? म्हटलं, दुखणं काय परीक्षेला बसलंय? मग नऊ सांगितले.

मंगळवार, ४
पहिली सलाईन झाली. गंमतच! अंग हलकं झालं आणि मी वर, थेट पंख्यापाशी. असं वाटतं, घाबरू नका, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. पात्यांवर बोटभर धूळ. नंतर सिस्टरला सांगितलं तर बिचारी ओशाळली. खाली माझा देह शहाण्यासारखा पडलेला. तासाभराने बरगडीत चटका बसला आणि त्यासरशी मी अंगात परत. दुखणं चार. भूक लागली म्हटलं तर सुनेच्या डोळ्यांत पाणी.

बुधवार, ५
दुसरी. वरून बघते तर खालची मी डोळे उघडून ठकीशी गप्पा मारतेय. हसतेय. ठकी म्हणते, आजी, तूच बोलत होतीस की, किती गोड बोललीस! मी, आणि गोड? डॉक्टर म्हणाले, भुलीत भास होतात. होत असतील. पण दुपार उलटेपर्यंत चटका आला नाही, तोवर मी वरच होते.

गुरुवार, ६
तिसरी. संध्याकाळी खाली आले. दुखणं एक. सगळे खूश. पण दुपारी मी वर असताना खालच्या तिने सुनेची माफी मागितली, वीस वर्षांच्या टोमण्यांची. सून तिच्या गळ्यात पडून रडली. मी वरून ओरडत होते— अगं, ती माफी मला मागायची होती! एकाचीही मान वर झाली नाही.

दुखलं की मी परत येते. दुखायचं थांबलं, तर मला यायला वाटच नाही.

शुक्रवार, ७, सकाळ
डॉक्टरांना म्हटलं, पुरे, उरलेल्या सलाईन नकोत. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. त्यावर माझा अंगठा. काल सलाईन चालू असतानाच सिस्टरने घेतला— पेशंट तेव्हा आनंदात असतात, कटकट करत नाहीत, इथे सगळ्यांचा असाच घेतात म्हणे. कागदावर लिहिलंय, उरलेल्या तिन्ही दुप्पट औषधाच्या.

अहो, तो अंगठा तिने दिला, मी नाही! डॉक्टर म्हणाले, हे नको-नकोच तर तुमचं आजारपण आहे. लेक म्हणाला, आई, किती वर्षांनी हसलीस तू.

शनिवार, ८
आत्ता आले. कालपासून वर होते. तिची बरगडी पलंगाच्या दांड्यावर आपटली, म्हणून जेमतेम—
दुखणं विरत चाललंय. लिही पटकन. ती गोड बोलेल, तुझे लाड करेल. भुलू नकोस. मी तुझे लाड कधी केलेत?

सिस्टर आली. नळी लावतेय. ठके, उजव्या हाताने लिही, डाव्याने माझी बरगडी दाब. अजून जोरात. हो— दुखतंय— छान दुखतंय. रडू नकोस, दाबून धर. सिस्टर तुझा हात काढायला बघतेय, काढू देऊ नकोस, ठके, मी वर चाल—