एकदाच विचारलंस

आई,

तू अमेरिकन झाली आहेस, हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते इथे हॉलंडला, स्खिपोल विमानतळावर. तोपर्यंत माझ्या लेखी तू साताऱ्याचीच होतीस. बाबा गेल्यावर दादाकडे ओहायोला राहायला गेलेली, तिथला निळा पासपोर्टही घेतलेली, पण साताऱ्याची. त्या दिवशी काचेच्या दारातून तू बाहेर आलीस ती सुती साडी, वर कुठल्याशा कॉलेजच्या फुटबॉल टीमचा जाड स्वेटशर्ट आणि पायांत पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज अशा थाटात. ट्रॉली ढकलत येताना वाटेत दिसेल त्याला "हाय, हाऊ आर यू?" करत होतीस. एका उंच डच आजोबांनी ते मनावर घेतलं. ते थांबले आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपल्याला जिना कसा चढवत नाही, ते तुला सविस्तर सांगू लागले. तू डोळ्यांनी मला सोडवायला बोलावत होतीस आणि मी मुद्दाम दूर उभी राहून हसत होते. गाडीत बसल्यावर म्हणालीस, "अगं, मी नुसतं हाय म्हटलं, तर हा बाबा खरंच उत्तर द्यायला लागला!" युरोपबद्दलचं तुझं ते पहिलं मत.

तू आली होतीस तीन आठवड्यांसाठी, पण मला तुला ठेवून घ्यायचं होतं. इतकी वर्षं तू दादाच्या वाट्याला आलीस आणि माझ्या वाट्याला रविवारचा फोन, याचा मला मनातून राग होता. मी आणि नवरा दोघंही आइंडहोवनला नोकरी करत होतो, जवळच न्यूनेनला घर घेतलं होतं, वरची मागच्या बाजूची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवली होती. कागदपत्रांचं कसं होणार, याची मी कुठे चौकशीसुद्धा केली नव्हती. आधी तुझा होकार घ्यायचा, मग सरकारकडे बघू, असा माझा हिशेब होता.

पण तू आधी सगळ्या देशाची तपासणी करायला घेतलीस. हॉटेलात पाणी मागितलं तर औषध दिल्यासारखं इवल्याशा ग्लासात आलं आणि त्यात बर्फाचा खडा नाही. वेटर हसत नाही. रविवारी दुकानं बंद, गावात चिटपाखरू नाही. युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली तरी शेजारीण अजून जुन्या गिल्डरच्या आठवणी काढते. आणि आमचा तो शिडीसारखा जिना! तू तो रोज देवाचं नाव घेत उलटी उतरायचीस आणि खाली पोचल्यावर म्हणायचीस, "आमच्याकडे घरात इतके उभे जिने नसतात हं." तुझं 'आमच्याकडे' म्हणजे पूर्वी सातारा असायचं. आता ते ओहायो झालं होतं आणि ते तुझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला याची गंमत वाटायची आणि थोडं लागायचंही. माझ्यासाठी तू तिकडून पीनट बटरचा बालदीएवढा डबा आणला होतास. मी तुला आमच्या इथल्या दुकानातलं पीनट बटरनं भरलेलं फडताळ दाखवलं आणि सांगितलं, इथे याला पिंडाकास म्हणतात, म्हणजे शेंगदाण्याचं चीज. तू डबा छातीशी धरून म्हणालीस, "चीज कुठाय त्यात? काहीतरीच नावं ठेवतात." मग जरा विचार करून म्हणालीस, "तसं बटर तरी कुठे असतं म्हणा."

संध्याकाळी आपण फिरायला जायचो. इथे पुढच्या खोलीच्या मोठ्या काचांना कोणी पडदे लावत नाही. आत दिवे लागलेले, माणसं जेवत असतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्यानं आत बघायचं नाही असा अलिखित नियम आहे. तू प्रत्येक घरासमोर थांबायचीस आणि आतल्यांना हात करायचीस. ब्रेडवर चीज ठेवून खाणारा एक गृहस्थ घास हातात धरून तुझ्याकडे बघतच राहिला आणि मग त्यानंही हात केला. मी तुला ओढत पुढे नेलं. "बघायचं नाही, तर मग पडदे का लावत नाहीत?" हा तुझा प्रश्न मी पुढे ऑफिसात कितीतरी डच लोकांना विचारला आहे. अजून कोणाला धड उत्तर देता आलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आपण दोघीच स्वयंपाकघरात होतो. तुझी नात शाळेत गेली होती. तू ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होतीस, कणकेचा हात तसाच पुसून स्वेटशर्ट पांढरा करून घेतला होतास. बाहेर छान ऊन पडलं होतं. मी डिशवॉशर रिकामा करता करता थांबले आणि विचारलं, "आई, तू इथेच राहतेस का आमच्याकडे? कायमची?" तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "नको गं. दादाकडे सगळं बस्तान बसलंय माझं." मी "बरं" म्हणाले आणि ताटल्या फडताळात ठेवायला लागले. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण मी समजूतदारपणे वागले याचा अभिमानही वाटला. इथे राहून मी हेच शिकले होते. समोरच्याला सरळ विचारायचं, तो जे सांगेल ते त्याचं उत्तर मानायचं, आणि मागे लागून त्याला अवघडून टाकायचं नाही.

त्या दिवसापासून तू गप्प झालीस. मीठ हातात दिलं तरी मला "थँक यू" म्हणायला लागलीस. जायला आठवडा असताना सूटकेस काढून अर्धी भरून ठेवलीस. मला वाटलं, तुला तुझी अमेरिका आठवते आहे.

मग शेजारणीचा वाढदिवस आला. दिवाणखान्यात भिंतींना लागून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. आलेल्या प्रत्येकानं नुसतं तिचंच नाही, तर तिच्या नवऱ्याचं, आईचं, दिराचं, सगळ्यांचं अभिनंदन करायचं, अशी इथली पद्धत. तिच्या सासूबाईंनी तुझा हात हातात घेऊन तुझंही केलं. तू मला हळूच विचारलंस, "माझं कशाबद्दल?" मी म्हटलं, "तुझ्या मुलीच्या शेजारणीचा वाढदिवस आहे ना, त्याबद्दल." हे तुला इतकं आवडलं की तू गोलात पुन्हा एक फेरी मारलीस आणि एकेकाला अमेरिकन पद्धतीनं कडकडून मिठी मारलीस. ते बिचारे गालावर तीन पापे घ्यायला वाकलेले, आणि तू मध्येच मिठी घातलेली. दोघा-तिघांची नाकं तुझ्या कपाळावर आपटली. सगळी खोली हसत होती. कितीतरी दिवसांनी तू मोकळी दिसलीस.

तेवढ्यात सफरचंदाचा केक आला. गरम, दालचिनीचा वास सुटलेला, वर साय. शेजारणीनं ताटली तुझ्यापुढे धरली. तू सवयीनं म्हणालीस, "नो, नो, थँक यू." ती "ओके" म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. तुझा हात अर्धा पुढे आला होता. तो तू हळूच पदराखाली घेतलास. मग तासभर तू हातात कॉफीचा कप धरून, लोकांना केक खाताना बघत बसलीस.

घर अगदी शेजारी, पण बाहेर पडल्यावर तू आमच्या दाराशी वळलीच नाहीस, तळ्याच्या दिशेनं तरातरा चालत सुटलीस. नवऱ्याला आणि लेकीला घरी पाठवून मी तुझ्यामागे आले.

"एकदाच विचारलं तिनं!" तू म्हणालीस.

"आई, इथे नको म्हणजे नकोच. तिनं तुझ्या शब्दाला मान दिला."

"मान कसला? अगं, आमच्याकडे अमेरिकेत निदान 'आर यू शुअर?' तरी म्हणतात. तेवढं म्हटलं की माणसाला 'वेल, जस्ट अ लिटल' म्हणता येतं. इथे तेवढीही पद्धत नाही."

मला हसू आवरेना. "मी उद्या तुला अख्खा केक आणून देते," मी म्हटलं.

"केकचं जाऊ दे," तू थांबलीस. "तू तरी कितीदा विचारलंस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझं हसू पार मावळलं.

"अगं, पण तू नको म्हणालीस!"

"मग? पहिल्या फटक्यात हो म्हणायला मी काय हपापलेली आहे? आपली आई नको म्हणाली, तर मुलगी म्हणते, असं कसं, राहायलाच पाहिजे. तू म्हणालीस 'बरं'. आणि ताटल्या लावायला लागलीस."

तुझे डोळे भरले होते. माझेही. तुझ्या हाताखाली वाढलेली मी, पाहुण्याच्या ताटात चौथी पुरणपोळी टाकून पळून जाणाऱ्या बाईची मुलगी, आणि मला तुझं 'नको' कळलं नाही. मी तिथेच तुझे हात धरले आणि विचारलं, "मग आता सांग, राहतेस?" तू पदरानं नाक पुसलंस आणि म्हणालीस, "असं रस्त्यात उभं राहून विचारतात का?"

म्हणून घरी येऊन आल्याचा चहा केला, तुझ्या जावयालाही बोलावून शेजारी बसवलं, आणि रीतसर दुसऱ्यांदा विचारलं. तू चहाचा घोट घेतलास, पदर सावरलास आणि म्हणालीस, "बघू." तुझे 'बघू' मी लहानपणापासून ओळखते. शाळेच्या सहलीचं विचारल्यावर यायचा तो बघू म्हणजे नाही. हा तसा नव्हता. यात होकार होता. मी त्या रात्री आनंदानं दादाला फोन करून त्याला चिडवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर मसाल्यांचं फडताळ ओट्यावर रिकामं करून ठेवलेलं. तू डाळी खालच्या खणात नेल्या होत्यास, कारण जड वस्तू वर ठेवतात का कोणी. मग पुढच्या खोलीच्या काचा तू वितीनं मोजल्यास, पडद्यांसाठी. जावयाला सांगितलंस की बूट मागच्या शेडमध्ये काढायचे. नातीला सांगितलंस की ब्रेडवर चॉकलेटचा चुरा घालून खाणं ही काही न्याहारी नव्हे, यापुढे फक्त रविवारी. ती तोंड वेंगाडून "वारोम? वारोम?" करत माझ्याकडे आली. का, का? दुपारी तू कुंपणावरून शेजारणीला सांगितलंस, "नेक्स्ट इयर, मेबी आय मूव्ह हिअर." तिनं खिशातून डायरी काढली आणि विचारलं, कोणत्या महिन्यात? तू म्हणालीस, मे. तिनं लिहून घेतलं. मी आत सिंकपाशी उभी राहून ऐकत होते. संध्याकाळी हळदीचा डबा शोधता शोधता मला रडू फुटायचं बाकी होतं. मला तू हवी होतीस, पण माझं फडताळही मला माझ्याच हातानं लावलेलं हवं होतं.

निघायच्या दिवशी स्खिपोलवर तू सारखी माझ्याकडे बघत होतीस. आपल्या रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं, ते दोघींनाही माहीत होतं. रांगेच्या तोंडाशी मी तुला मिठी मारली आणि म्हटलं, "आई, मी मनापासून सांगतेय. ये आणि राहा आमच्याकडे." तू मला दूर धरून माझा चेहरा नीट न्याहाळलास, अगदी ताप आहे का बघायचीस तसा. मग हसलीस. "नको गं. आता खरंच नको. तिथे माझं ड्रायव्हिंग लायसन्स आहे, अंगणात टोमॅटो आहेत, सीनियर सेंटरच्या मैत्रिणी आहेत. आणि तुझ्या त्या जिन्यावरून मी काय उलटी उतरत म्हातारी होऊ?" दोन पावलं जाऊन परत आलीस. "पण तीनदा विचारलंस हं. बरं वाटलं मला."

त्यानंतर तू इकडे आली नाहीस, मीच तिकडे येत राहिले. तू कायमची गेलीस तेव्हा दादाच्या घरी तुझ्या सीनियर सेंटरच्या बायका मोठमोठ्या भांड्यांत जेवण घेऊन आल्या होत्या. त्यांतली एक जाडजूड, गोड म्हातारी माझे दोन्ही हात धरून म्हणाली, हॉलंडची मुलगी ती तूच ना? तिनं आम्हाला किती वेळा सांगितलंय, माय डॉटर आस्क्ड मी थ्री टाइम्स. सगळ्यांत जास्त अभिमान तिला त्याचा होता, असं ती म्हणाली. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

त्यालाही आता खूप वर्षं झाली. तुझी नात ग्रोनिंगनला शिकून नोकरीला लागली, आणि मी आज रविवारच्या रिकाम्या दुपारी हे लिहायला बसले आहे. हे कुठे पाठवायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आई, तिसऱ्यांदा विचारताना मी तोंडानं राहा म्हणत होते आणि मनात म्हणत होते, नको म्हण, आई, नको म्हण. तू माझा चेहरा बघितलास आणि नको म्हणालीस. तुला ते दिसलं की नाही, मला माहीत नाही. पण पहिल्यांदा, त्या स्वयंपाकघरात, एकदाच विचारलं होतं ना, ते अगदी खरं होतं गं.