लिंपलेलं दार

गुरुजी,

भस्स... भस्स... भस्स. सकाळपासून हा आवाज चार वेळा परसावरून गेला आणि चारही वेळा मी हातातलं काम टाकून उभा राहिलो. तुम्ही तो मला पहिल्यांदा ऐकवलात तेव्हा मी चौथीत होतो. देवरहाटीच्या, देवासाठी राखलेल्या त्या रानाच्या कडेला आम्हा सगळ्यांना मातीत बसवलंत, ओठांवर बोट ठेवायला लावलंत, आणि कितीतरी वेळाने झाडांच्या शेंड्यांवरून लोहाराचा भाता चालत यावा तसा तो आला. पाखरू दिसायच्या आधी त्याचे पंख ऐकू आले. मग ती मोठी पिवळी चोच, डोक्यावरचं शिंग. "पुस्तकात याला धनेश म्हणतात, आपण गरुड म्हणतो," तुम्ही म्हणालात. "काय हवं ते म्हणा, पण ओळखा."

आम्हाला तिथे नेलंत ते माझ्यामुळेच. आदल्या दिवशी मी पाखरावरची कविता चालीत म्हटली होती, डोळे मिटून, हात हलवून. शाबासकीसाठी डोळे उघडले तर तुम्ही विचारलंत, "चाल उत्तम. आता पाखरू कुठलं ते सांग." मला सांगता येईना. "तुझं प्रेम कवितेवर आहे रे बाबा, पाखरावर नाही." छडी बसली असती तर दुपारपर्यंत विसरलो असतो. वर्ष संपताना मात्र तुम्ही स्वतःच्या अक्षरात उतरवलेली कवितांची वही माझ्या हातात ठेवलीत. पुढे मीही मास्तर झालो, तुमच्याच चाली पोरांकडून घोकून घेतल्या, निवृत्त झालो. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. वही अजून आहे. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय, कारण आज मला घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही.

परसामागे वाहणाऱ्या पऱ्याच्या काठाला आमचा बेहडा आहे, तो तुम्हाला आठवत असेल. त्याच्या अलीकडे मुलाने हापूसची कलमं लावली. दिवाळीला मुंबईहून आला तेव्हा म्हणाला, "बाबा, या सावलीत कलमं मोहोरायची नाहीत. बेहडा काढून टाका." मी बरं म्हटलं. वाडीतल्याच एका तोड्याला शब्द दिला. लाकूड आंब्याच्या पेट्यांना जाणार होतं. म्हणजे आंब्यासाठी झाड पाडायचं आणि त्याच्याच फळ्यांत आंबा भरायचा. तेव्हा मला ते जमून आल्यासारखंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तोड्या म्हणाला, शिमगा झाला की बघू.

आणि माघात एके सकाळी गरुडाची मादी बेहड्याच्या ढोलीत शिरली. विष्ठेने, चिखलाने तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं. चोच जाईल एवढीच फट ठेवली. तेव्हापासून नर येतो, घशातून एकेक फळ काढतो, फटीतून तिला भरवतो. मी हे मागच्या दारातून रोज पाहतो. शिमगा होऊन गेला. तोड्या उद्या येणार आहे आणि मी त्याला अजून काही बोललेलो नाही.

का नाही बोललो? मुलाला काय सांगू, हा एक धाक. दिलेला शब्द फिरवला तर वाडीत हसतील, हा दुसरा. म्हातारा मास्तर पाखरापायी झाड अडवून बसला! आणि तिसरी गोष्ट म्हणजे मी केलेली स्वतःची समजूत. आपल्याकडे मोठं झाड तोडायच्या आदल्या दिवशी त्याच्या बुंध्याशी विडा ठेवून गाऱ्हाणं घालतात ना, 'बाबांनो, इथे जो कोणी असाल त्याने दुसरीकडे आसरा बघावा, उद्या आम्ही येणार आहोत'? मी म्हटलं, तोड्या जुन्या वळणाचा आहे, तो सांगेलच. रीतीने कळवलं म्हणजे दोष नाही. एवढ्या आधारावर गेला दीड महिना मी जेवलो, झोपलो.

त्यातच गेल्या आठवड्यात दुपारच्या एस्टीने रत्नागिरीच्या कॉलेजातली एक मुलगी आली. हातात सायक्लोस्टाइल केलेले कागद. सामान्य माणसाला पर्यावरण रक्षणाची किती आस्था आहे हे लिहून न्यायचं होतं तिला. शेजारची वहिनी ओल्या धुण्याची बालदी घेऊन चालली होती, तिलाच आधी गाठलं. "काकी, पर्यावरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"पऱ्यावरनं? आत्ताच आलंय बाय पऱ्यावरनं. बग ना, धुणी पिळायची हायत अजून."

मुलगी हसली, मीही हसलो. वहिनी काही हसली नाही. "पऱ्याचाच इचारतेस तर लिव, वरच्या कोंडीत आमी कोन साबन लावीत नाय. खाली गुरांना पानी, तेच्या खाली धुणी. माज्या सासूच्या सासूपासून हाय ता. नव्या सुनेला पयला हाच दाखवायचा, चूल मागनं." एवढं बोलून बालदी कमरेवर घेऊन ती गेली. मुलीने तिच्या कागदावर 'माहिती नाही' पुढे खूण केली. मग माझ्याकडे वळली. मी तिला झाडांवरच्या दोन कविता म्हणून दाखवल्या, चालीत. तिचे डोळे भरून आले. माझ्या कागदावर तिने 'खूप आस्था' पुढे खूण केली आणि मी खाली सही केली. त्या वेळीही बेहड्यावरून तो भाता चालत गेला. "आजोबा, हा कसला आवाज?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वारा असेल."

गुरुजी, पाखरू कुठलं ते या खेपेला मला ठाऊक होतं.

आता उन्हं कलली आहेत. इथवर लिहिलं आणि पुढच्या दारात कोणी खाकरलं. वाटलं पोस्टमन. पाहतो तर तोड्या. उद्या यायचा तो आजच, आणि हातात कुऱ्हाड नाही. विडा मात्र तसाच मुठीत धरलेला, पानं चुरगळलेली.

"मास्तर, झाडाकडनं येतंय," तो उंबऱ्यापाशीच म्हणाला. "गाऱ्हाना घातला. जा म्हनून सांगितला. आनि वर बगतंय तं गरुड आला नि भरवायला लागला. मंग मी तितंच बसलंय, ऊन उतरंसवर." त्याने मुठीतल्या विड्याकडे पाहिलं. "आमी सांगितला जा, पन ती जायची कशी ओ? तिना तं दार लिंपून घेतलान हाय. तवा इडा उचलला नि आलंय. पावसाच्या तोंडाला पिल्ला उडतील, मंग बगू. तुमचा मुलगा माज्यावर कावला तं कावंल. तुमी शालेत मला कवितेला रोज उबा केलाव, तवा तरी मी कुटं मेलंय!"

मी 'बस' म्हटलं. तो ओटीवर टेकला. मग मान वर करून, अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "मास्तर, तुमच्या तं दाराफुडंच हाय. तुमाला कसा दिसला नाय?"

पाणी आणतो म्हणून मी आत आलो आणि तांब्याऐवजी ही वही उघडली. तो बाहेर बसलाय. माझी वाट बघतोय. तुम्हाला सांगणं सोपं होतं, गुरुजी, तुम्ही चाळीस वर्षांत एकदाही उलटून विचारलं नाहीत. वही मिटतो. हे आता त्याला जाऊन सांगायला हवं.