ढिली मोळी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. लाटांनी किनारा कसा झिजतो यावरचं माझं पुस्तक उद्या छापायला जातंय. ऋणनिर्देशाचं पान तेवढं उरलंय, म्हणून तुमची आठवण काढणं भाग पडलं.

सिहोऱ्याकडच्या आपल्या तलावात तुम्ही मासे धरायचात, आणि पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची, राखणही तुमच्याकडेच. वारा सुटला की लाटा पाळीची माती खायच्या. मग काठावर माजलेल्या बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या तोडून, त्यांच्या मोळ्या बांधून काठाला रचायच्या. माझ्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या, चिकाने हात खाजत राहायचे. एकदा शाबासकी मिळेल म्हणून मी मोळी चांगली आवळून बांधली. दुपारपर्यंत लाटांनी ती मातीसकट उपटली. तुम्ही चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवलीत. "ढिली बांध. पाण्याले अडवू नोको, थकव त्याले." का, म्हणून विचारलं तर दुसरी बसली.

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला नागपूरला जायचं, नेमकी त्याच दिवशी पाळ खचली. तुम्ही माझे कागद पेटीत घातलेत आणि किल्ली कमरेला लावलीत. "पाळ फुटली तं गावाची धानाची रोवणी वाहून जाईन, आन् तुले कॉलेजाची पडली आहे?" पाळ वाचली, माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी आईनं तुम्हाला न सांगता मला बसमध्ये बसवून दिलं. ते वर्ष मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही मात्र गावभर सांगत फिरलात, पोरगी समुद्रावर लाटा मोजते, रिकामा धंदा.

मोजते ना. प्रयोगशाळेतल्या लांबलचक काचेच्या हौदात लाटा सोडते आणि त्यांच्यासमोर काड्यांच्या मोळ्या ठेवते. आवळलेली मोळी उपटून येते, ढिली लाटेचा जोर खाते. याच्यावरच मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली. एका परिषदेत म्हाताऱ्या प्राध्यापकांनी कौतुकानं विचारलं, हे सुचलं कुठून? मी म्हणाले, वाचनातून.

ऋणनिर्देशात आई आहे, मार्गदर्शक आहेत, हौद धुणारे काकासुद्धा आहेत. तुमचं नाव सकाळपासून तीनदा लिहून खोडलंय, आणि पान तसंच जाईल. हे पत्रही कुठे जायचं नाही. पण ‘वाचनातून’ हे खोटं होतं, बाबा. प्रयोगाच्या मोळ्या अजून मीच बांधते. दुसऱ्या कुणाला तेवढी ढिली बांधता येत नाही.