ट्रंक, डबा, पुडी

बुधवार, २ मार्च १९७७
नातू बाळासोचं पुण्यावरनं पत्र आलं. त्याच्या कंपनीत मशीन हाय, त्यात तो नावं भरतो. नावाच्या पोटात नावं, त्यांच्याबी पोटात नावं. एकेक नाव सांगत आत गेलं की मशीन बराबर तीच वस्तू काढून देतं. लय हुशार पोरगं, माझ्यावर गेलंय. शेवटाला लिवलंय, आजे, मधलं एक नाव गाळलं की घोटाळा. मशीनला मेंदू नसतो म्हनून आसंल. मला हाय.
उद्या घरातली औषधं अशीच लावनार.

गुरुवार, ३ मार्च
ट्रंकेवर लिवलं ‘औषध’. आत दोन डबे, ‘मानसं’ आन ‘मेंढरं’. दोन्ही डब्यांत पुड्या: ‘पोट’, ‘खोकला’, ‘जखम’. दुखनी सारखीच, नावं कशाला येगळी? साक्षरता वर्गाच्या बाईंनी माझा ‘ख’ वाखानला हुता, तो आज कामाला आला. जुन्या पाकिटांवरचं छापील कागद चुलीत घातलं. सगळं इंग्रजीच हुतं.
सून राहीबाई म्हनली, आत्या, मानसाचं का मेंढराचं ते पुडीवर बी लिवा. म्हनलं, डब्यावर हाय की. सातवी शिकलीय, पर वरवर.

मंगळवार, ८ मार्च
ट्रंकेत मुंग्या. डबे धुतलं, पुड्या धोतरावर उन्हात मांडल्या. तेवढ्यात शेजारची साळूबाई आली. तिच्या लेकीचं लगीन कवठ्याला ठरलंय, पोरगा मिलिट्रीत, कान तेवढं मोठं. तिच्यासंगं ओसरीवर बोलत बसले. परत येऊन बघते तर वाऱ्यानं सगळ्या पुड्या एका जागी. दोन ‘पोट’. दोन्हींत पांढरी पूड.
वास घेतला. उजवीकडची मानसाची. मला पक्कं आठवतंय.

शनिवार, १२ मार्च
थोरला मेंढा बसला तो उठंना. ‘मेंढरं’ डब्यातली पूड पाजली. गुण न्हाई. उद्या येईल.

रविवार, १३ मार्च, सकाळी
मेंढा तसाच. आमच्या मालकांच्या पोटात कळ आली. ट्रंक, डबा, पुडी. डोळं मिटून औषध काढलं! पाजलं बी. राहीबाई म्हनाय लागली, मेंढराची पूड मेंढराला लागंना, म्हंजे... म्या तिला पुरं बोलू दिलं न्हाई.

दुपारी
मालकांना घाम सुटलाय, तोंडातनं लाळ. रोग भाईर पडतोय.

चार वाजता
मालकांनी डोळं फिरवलं. राहीबाईनं पान्याचा टँकर आडवला. जतला दवाखान्यात निघालो.

सोमवार, १४ मार्च, जत
डाक्टरनं इचारलं, काय पाजलं? न अडखळता सांगितलं: औषध, मानसं, पोट. तो म्हनला, आजी, पुडीतल्या औषधाचं नाव काय? त्येवढं कळलं तर पुढचं बघता येईल.
ते कुटंच लिवलं न्हाई.
राहीबाई मेंढरांच्या डाक्टरला हुडकाय गेलीय. तो गावोगाव फिरतोय म्हनत्यात. मालक हाक मारली तरी वळून बघंनात.

गुरुवार, १७ मार्च
मेंढा मेला. मालक वाचलं. आज घरी आनलं. राहीबाईनं ट्रंक उचलून तिच्या खोलीत ठेवली.
मालकांना तांब्याभर पानी दिलं. त्यांनी हातात घेतलं न्हाई. मालक म्हनलं, आधी दारातल्या मेंढीला पाज.
पाजलं.
मग ती उभी ऱ्हाती का बघत आमी दोघं बसलो.