डोंगराला घातलेला वळसा

३ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. तुमच्या गुडघ्याचं आईकडून कळतं. इथे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शेजारच्या राज्यात जाणाऱ्या महामार्गाचा सीमेपर्यंतचा अकरा किलोमीटरचा तुकडा चौपदरी होणार आहे. आखणी माझ्याकडे आली.

२. तीस वर्षांपूर्वी तुम्ही डोंगराला घातलेला वळसा मी काढून टाकला. रस्ता उतार कापून सरळ नेला. दोन किलोमीटर वाचले. साहेबांनी पाठ थोपटली.

३. त्या उतारावर गंजलेल्या लोखंडी खुंट्यांची ओळ सापडली. नकाशात ती नाही.

४. ऑफिसच्या कपाटात तुमची मोजणीची वही मिळाली.

पुढचं क्रमांकात बसत नाही.

वहीवरून कळलं, तुम्हीही आधी सरळच रेषा आखली होती. मग दोन पावसाळे, सुट्टीच्या दिवशी जाऊन, त्याच खुंट्या पुन्हा मोजल्यात. पहिल्या वर्षी चार बोटं सरकल्या, दुसऱ्या वर्षी सहा. शेजारी शेरा: ‘झाडं बुंध्याशी वाकलेली. डोंगर चालतो आहे. आपण बाजूने जावं.’

काल मी मोजल्या. मधली खुंटी पावणेतीन मीटर खाली आली आहे. तुमच्या वळशाच्या भिंतीला तडासुद्धा नाही.

माझ्याकडे उपग्रहाचे नकाशे होते. त्या वाकड्या झाडांच्या सावलीत बसून मी महिनाभर डबा खाल्ला.

जमिनीत भोक पाडून माती तपासायला आलेले बोअरिंगवाले काका म्हणाले, “हा रस्ता काढणारा डोंगराची नाडी बघत होता की काय?” तो माझा बाप, हे सांगायला मला तोंड नव्हतं. नोकरी लागली त्या दिवशी, घरभर पाहुणे असताना, मी म्हणाले होते, “बाबा डोंगराला घाबरले, म्हणून लोकांना दोन किलोमीटर जास्त फिरावं लागतं.” तुम्ही ताटावरून उठलात. दोन वाक्यांत मला गप्प करू शकला असता. केलं नाहीत. तीन वर्षं आपण आईमार्फत बोलतो आहोत.

सोमवारी, १४ तारखेला, आखणी पक्की होईल. वहीवर सही नाही. अक्षर मी ओळखते. साहेब म्हणतात, कोणी मोजलं ते ठाऊक नसेल तर आकडा धरणार नाही. मग सरळ रस्ताच होईल. मोजणी तुमची आहे, एवढं लिहून सही करून पाठवा. अहवालात तुमचं नाव घालते.

शनिवार, १२ तारखेपर्यंत उत्तर द्या. आईकडून निरोप नको, तुमच्या हातचं हवं.

तुम्ही आखलेल्या रस्त्यावर कामाला असलेली,
तुमची मुलगी