बांधाच्या पायथ्याची ओल

प्रिय धाकट्या,

तलाव रिकामा केला. अकरा दिवस लागले. मधोमध नुसता चिखल उरलाय आणि आपली होडी त्यात कलंडून पडली आहे.

बाबांनी हौसेनं घातलेला हा मातीचा बांध. पाणी ना पिण्याला, ना शेतीला; फक्त पोहायला आणि गळ टाकून बसायला. आई म्हणायची, यांनी चाळिशीत खेळणं आणलंय. मी तुला पाठीवर घेऊन तिथंच पोहायला शिकवलं. भीतीनं तू माझ्या मानेवर नखं रुतवायचास.

गेल्या वर्षी तू तुझा हिस्सा माझ्या नावावर केलास. म्हणालास, तलावावर तुझा जीव आहे ताई, तूच ठेव. महिनाभर मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, भाऊ असावा तर असा.

या उन्हाळ्यात माझी नात रोज पाण्यात होती. माळीदादा बांधाच्या खाली, अगदी पायथ्याशी राहतो. घरात बायको, बाळंतीण लेक. त्यानंच मला नेऊन दाखवलं. पायथ्याची जमीन ओली आणि तिथून गढूळ पाणी झिरपत होतं. मी सरकारी इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, गाळ बोटांवर चोळला. बांध आतून पोखरला जातोय म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या भावाला लेखी कळवलं होतं. पाणी उतरवा, खालचं घर हलवा. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी म्हणाले, सांगितलं होतं. तुझी लाज झाकायला जीभ आपोआप वळली बघ. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

माळीदादाची माणसं आता माझ्या पुढच्या खोलीत राहतात. काल त्यानं खालमानेनं विचारलं, ताई, तुम्हाला ठाऊक होतं का? मला त्याच्या नातवाकडे बघवेना. तू मात्र हे ठाऊक असून हिस्सा सोडण्याच्या कागदावर सही केलीस आणि वर माझ्या हातचं जेवून गेलास.

उद्या सकाळी मी कचेरीत जाऊन जबाब बदलणार आहे. मला माहीत नव्हतं, माझ्या भावाला होतं, असं लिहून देणार आहे. पुढे तुझ्यावर काय येईल ते येवो. पण ते तुला परक्याकडून कळू नये, म्हणून आज हे लिहिलं.

तरीही तुझीच,
ताई